डावखुरा पक्षी

आत्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, पण उघडला मात्र नाही. झाकणावर दोन्ही तळवे घट्ट दाबून त्या बसून राहिल्या. आत कुणीतरी कोंडले आहे आणि ते सुटता कामा नये, अशा.

डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे या घरातला चिठ्ठ्यांचा दिवस. डब्यातली एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचे नाव ओठांच्या आत ठेवायचे आणि नाताळपर्यंत त्या माणसासाठी स्वतःच्या हाताने एक भेट करायची. विकतची वस्तू चालत नसे. मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवत असताना आत्यांनी हा नियम घालून दिला होता. त्या निवृत्त झाल्या; नियम अजून नोकरीत होता.

“या वर्षी नवीन काही करायचं नाही,” त्या म्हणाल्या. “गेल्या नाताळात ज्याला जे मिळालं, ते घेऊन यायचं. शिडी त्यानंच सजेल. सगळं आलं, तर डबा उघडेल. एक जरी वस्तू कमी भरली, तर पुढच्या वर्षीपासून ज्यानं त्यानं बाजारातून आणावं आणि मोकळं व्हावं.”

शिडी म्हणजे या घरचे नाताळचे झाड. आत्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे बाबा म्हणत, त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यांची घडीची लाकडी शिडी दर नाताळात बैठकीच्या कोपऱ्यात पाय फाकवून उभी राही, आणि तिच्या पायऱ्यापायऱ्यांवरून कागदी साखळ्या, सुरूची बोंडे आणि घरच्यांच्या हातच्या वस्तू लोंबत.

टेबलाभोवती अशी शांतता पसरली की चहा निवतानासुद्धा ऐकू यावा. बाबांचा थोरला मुलगा, दातांचा डॉक्टर असलेला दादा, आपला बिनसाखरेचा चहा बराच वेळ ढवळत राहिला. त्याची बायको, म्हणजे वहिनी, बँकेची शाखा सांभाळणारी, भल्याभल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणारी बाई. ती छताकडे पाहू लागली. बाबांनी कानाचे यंत्र काढून पुसायला घेतले. धाकट्या मुलाला, पुस्तके बांधण्याच्या त्याच्या धंद्यावरून, सगळे बाइंडरच म्हणत. त्याने टेबलाखालून आपल्या बायकोचा पाय हळूच दाबला. तो दिलासा होता की याचना, हे धाकटीला कळले नाही.

धाकटी म्हणजे या घरची धाकटी सून. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासत असे. ज्या घरात ती वाढली तिथे सणाला पैशांची पाकिटे देत. पाकिटे नीटनेटकी असत आणि सगळी सारखी असत. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात या घराने तिला एक विणलेला हातमोजा दिला होता, अंगठ्यापेक्षा करंगळी मोठी असलेला, तेव्हा न्हाणीघराचा नळ सोडून ती मनसोक्त रडली होती. कुणीतरी आपल्या हाताचा विचार करत इतके दिवस बसले होते, चुकीचा का होईना, या कल्पनेनेच तिला भरून आले होते.

गेल्या वर्षी तिच्या नावाची चिठ्ठी खुद्द आत्यांना निघाली होती, आणि त्यांनी तिला पक्षी शिवून दिला होता. जाड लोकरी कापडाचा, मुठीत मावणारा, लाल छातीचा, किंचित कललेल्या मानेचा. कुणीतरी हाक मारली आहे आणि ओ द्यावी की नाही याचा विचार करत असलेला. हा पक्षी आपल्याकडे सुरक्षित आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच त्या टेबलाभोवती सुखाने चहा पिणारी ती एकटीच होती.

घरी आल्यावर तिने कपाटावरची पेटी खाली काढली, तर आत पक्षी नव्हता. पक्ष्याला कसर लागू नये, चोच दबू नये, म्हणून तिने त्याला नवऱ्याच्या जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून ठेवले होते. इतकी काळजी तिने स्वतःच्या दागिन्यांचीही घेतली नव्हती. आणि उन्हाळ्यात आवराआवर करताना, जुने कपडे विकून गरजूंना मदत करणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानात तिने तो स्वेटर स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता. बाहीसकट.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. दुकानदारीण म्हणाली, स्वेटर कधीच गेला, आणि पक्षी सापडला होता खरा, पण तो तर ठेवल्या ठेवल्या कुणी नेला. कुणी, ते तिला आठवत नव्हते.

धाकटी घरी परतली तेव्हा बाइंडर खाटेखालून एक पुठ्ठ्याचे खोके बाहेर ओढत होता. खोक्यात पांढरा चुरा होता. दादाने त्याला गेल्या नाताळात प्लास्टरचा देवदूत दिला होता. दवाखान्यातल्या साच्यांतून उरलेल्या प्लास्टरचा दादा दरवर्षी देवदूत करी, आणि व्यवसायाला जागून त्याला हसते तोंड व संपूर्ण दंतपंक्ती बहाल करी. हा देवदूत घरी आणताना जिन्यातच पडला होता. पंख, हात, प्रभामंडल, सगळ्याचे पीठ झाले होते. फक्त खालचा ओठ शाबूत होता.

“तू मला हे सांगितलं नव्हतंस,” ती म्हणाली.

“तू तरी पक्ष्याचं कुठं सांगितलंस?”

“मला तरी कुठं माहीत होतं?”

यावर दोघेही जरा हसले. आत्या शब्दाच्या पक्क्या होत्या. डबा एकदा बंद झाला की झाला. धाकटीच्या डोळ्यांसमोर पाकिटांची ती जुनी, सारखी रांग उभी राहिली, आणि हे घर पाकिटांचे झाले तर ते आपल्यामुळे, एका बाहीमुळे, हा विचार तिची पाठ सोडीना.

पक्षी पुन्हा शिवायचा, असे तिने ठरवले. पण नमुन्याला काहीतरी हवे होते. गेल्या नाताळाचे फोटो वहिनीने काढले होते. धाकटी दुपारी बँकेत गेली आणि सहज आले म्हणाली. वहिनीने केबिनचे दार लावून घेतले.

“बँकेत कुणी सहज येत नसतं,” ती म्हणाली. “पक्षी ना?”

धाकटीने मान खाली घातली. फोटो मिळेल, पण एका अटीवर, असे वहिनीने तिला ऐकवले. वहिनीला गेल्या वर्षी बाबांनी मेणबत्तीचा स्टँड करून दिला होता. मेणबत्ती जसजशी जळून हलकी होईल, तसतशी ती आपोआप वर सरके आणि ज्योत कायम एकाच उंचीवर राही. त्यात लिफ्टसारखे तोलाचे वजन होते. पण एकदा तोल चुकला, ज्योत वर चढत गेली आणि स्टँडने वहिनीचा नवा पडदा खालपासून वरपर्यंत, अगदी पायरीपायरीने जाळला होता. तिने तो भंगारात दिला आणि त्या दिवशी ती, तिच्याच शब्दांत, बाळासारखी झोपली. आता तिलाही त्याचा फोटो हवा होता, आणि तो धाकटीच्या फोनमध्ये होता.

“दादांना ठाऊक आहे?” धाकटीने विचारले.

“ते कुठल्या तोंडानं बोलणार? तुझ्या नवऱ्यानं इतकी सुंदर कागदी चांदणी दिली होती, ती यांनी दवाखान्यात टांगली. एका पेशंटच्या पोरानं चूळ भरायच्या भांड्यात ती पोहायला सोडली.” वहिनीने आवाज खाली आणला. “मी तुझं बोलणार नाही, तू माझं बोलायचं नाहीस. आणि यांचं आपल्या दोघींना काही माहीतच नाही.”

वर्षानुवर्षे एकमेकींशी फक्त भाजीच्या भावाबद्दल बोलणाऱ्या त्या दोन जावा त्या दुपारी बँकेच्या काचेआड अशा काही एक झाल्या की बाहेरचा शिपाईसुद्धा चहा आत न्यायला बिचकला.

धाकटीचा पहिला पक्षी चांगला झाला. मापात होता, रंगात होता, चोच जागच्या जागी होती. तरी तो आत्यांच्या पक्ष्याचा कुणीतरी दूरचा नातेवाईक वाटे, लग्नाकार्यात भेटणारा. दुसराही तसाच झाला. मग तिने फोटो मोठा करून दुकानातल्या भिंगाखाली धरला. कडेचे टाके तिरके होते, पण तिच्या टाक्यांच्या उलट्या बाजूला झुकलेले. वारा पलीकडून येत असल्यासारखे. ती बराच वेळ बघत राहिली. आत्या चहाचा कप कुठल्या हाताने उचलतात, हे तिने किती वेळा पाहिले होते. बघणे हा तिचा धंदा होता, आणि तरी ते तिने कधी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून तिने सुई डाव्या हातात घेतली. हात ऐकेना. दुकानात समोरचा माणूस भिंतीवरची अक्षरे वाचत असे आणि ती टेबलाखाली टाके घालत असे. तो चौथ्या ओळीवर अडखळला की इकडे सुई बोटात घुसे आणि तिच्या तोंडून उसासा बाहेर पडे. आपली नजर फारच गेली असे समजून दोन गिऱ्हाइके घाबरून निघूनही गेली. हाताला वळण लागावे म्हणून ती जेवायलाही डावा हात वापरू लागली. बाइंडर ताटाकडे बघे आणि काही बोलत नसे, कारण त्याचेही काही सरळ चालले नव्हते. देवदूताचे अंग त्याला जमले होते, दात जमत नव्हते. एका संध्याकाळी त्याने बायकोला चिकणमातीचा गोळा दिला आणि तो चावायला सांगितला. तिने कारण न विचारता चावला. लग्नाला तेवढी वर्षे झालीच होती.

मधल्या दिवसांत एक म्हातारे गृहस्थ दुकानात येऊन जुनी, चरे गेलेली भिंगे मागू लागले. माशांच्या टाकीत शोभेला टाकायची आहेत, असे त्यांनी सांगितले. धाकटीने पिशवीभर दिली. ते बाबांच्या फिरायला जाण्याच्या मंडळीतले आहेत, एवढे तिला आठवले; गेल्या नाताळात आपण बाबांना अशाच भिंगांची माळ ओवून दिली होती, हे मात्र आठवले नाही.

नाताळच्या दुपारी सगळे आत्यांकडे जमले. बैठकीत शिडी उभी होती, टेबलावर डबा होता, आणि डब्याशेजारी वहिनीने गेल्या वर्षी आत्यांना विणून दिलेली टीकोझी, म्हणजे चहा गरम ठेवणारी लोकरी टोपी, किटलीवर बसली होती. एकेकाने आपापली वस्तू आणून शिडीवर अडकवली. त्यावेळी प्रत्येकाची नजर स्वतः आणलेल्या वस्तूवर नव्हती. ती वस्तू ज्याने मुळात केली होती, त्याच्या चेहऱ्यावर होती.

बाबा मेणबत्तीच्या स्टँडपुढे थांबले, वाकले, आणि त्यात टेबललॅम्पची मान ओळखून सरळ झाले. बाइंडरने आपल्या चांदणीच्या घड्या मोजल्या आणि त्यातली एक शस्त्रक्रियेच्या टाक्याने शिवलेली पाहून खिडकीबाहेर बघू लागला. धाकटीने भिंगांची माळ उजेडात धरली, त्यातले एक जाड भिंग ओळखले, आणि माशांची टाकी आठवून तिला ठसका लागला. जुनी माळ बाबांनी वर्तमानपत्र वाचायला भिंगाभिंगाने सोडवून संपवली होती, हे नंतर कळले.

दादा देवदूतासमोर सर्वांत जास्त वेळ उभा होता. त्याने खिशातून छोटा टॉर्च काढला आणि देवदूताच्या तोंडात पाहिले. मग तो धाकटीच्या कानाशी आला.

“खालची डावी, शेवटून दुसरी दाढ,” तो हलकेच म्हणाला. “किडायला लागली आहे. सोमवारी दवाखान्यात ये. देवदूताला आणायची गरज नाही.”

एवढ्यात वहिनीच्या स्टँडवरची मेणबत्ती, जी आतापर्यंत सभ्यपणे वर सरकत होती, तिने अचानक उडी घेतली, छताला टेकून विझली आणि दादाच्या चहात पडली. बाबांनी यंत्र कानात नीट बसवले. “माझी लिफ्ट उभ्या आयुष्यात कधी छताला धडकली नव्हती,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते त्यांनी सांगितले नाही.

हसावे की नाही, या विचारात सगळे असतानाच आत्यांनी आपली पिशवी जवळ ओढली आणि तिच्यातून लाल छातीचा एक पक्षी काढून टेबलावर ठेवला. मग शिडीवरचा पक्षी मागवून घेतला आणि त्याच्या शेजारी ठेवला. दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या होत्या.

“हा मला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला,” त्या म्हणाल्या. “स्वतःचंच काम मी घासाघीस करून विकत आणलं.”

डब्यावरचे झाकण तिला एकाएकी फार मोठे, फार जड दिसू लागले. ती उठून उभी राहिली. पक्षी आपल्याकडून गेला, असे ती म्हणाली. स्वेटरची बाही, कसर, आवराआवर, सगळे तिने जसेच्या तसे सांगितले. मी जपायला गेले आणि हरवून बसले, असे म्हणताना तिचा आवाज चिरकला. यात बाकी कुणाचा दोष नाही, डबा बंद करायचा तर माझ्यापुरता करा, असेही ती म्हणाली.

“बस खाली,” वहिनी म्हणाली. “एकटीनं भाव खाऊ नकोस. आत्या, तो स्टँड मी केलाय.”

मग बांध फुटला. दादाने चांदणी कबूल केली. बाइंडरने देवदूत कबूल केला, आणि दात कुणाचे तेही; दादाने सोमवारची दाढही सांगून टाकली. बाबांनी माळेकडे बोट दाखवून नुसती मान हलवली.

“म्हणजे या शिडीवर एकही वस्तू खरी नाही,” आत्या म्हणाल्या.

वहिनीने किटलीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. “टीकोझी तरी खरी आहे ना, आत्या?” तिने अगदी मऊ आवाजात विचारले. “माझं विणकाम सैल असतं. ही तर स्प्रिंग गुंडाळल्यासारखी दिसतेय.”

उत्तर दिले ते बाबांनी. “लिफ्टची असो की लोकरीची, दोरी सैल ठेवून कसं चालेल?” ते म्हणाले.

मूळ टीकोझी शेगडीवर जळाली होती. बाबांनी, वयाच्या सत्तरीत, सज्जात बसून विणकाम शिकून नवी विणली होती. आपल्या सख्ख्या बहिणीने गेले काही दिवस सतत उसवायला लावले, एवढीच त्यांची तक्रार होती. दादाने हसत विचारले, की आत्यांसारखी बाई घरात असताना तुम्ही कशाला विणत बसलात? बाबा बहिणीकडे पाहू लागले.

आत्यांनी डब्यावरचे तळवे उचलले. दोन्ही हात थरथरत होते. वाऱ्याने पान हलावे तसे नव्हे. बारीक, सतत, पाणी उकळण्याआधी हलते तसे. त्यांनी ते कुणाला दाखवण्यासाठी उचलले नव्हते, पण पुन्हा लपवलेही नाहीत.

“तो पक्षी शेवटचा होता,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर सुईत दोरा गेला नाही. म्हणून तो दुकानात दिसला तेव्हा जरा लागलं मला. तुम्हाला सगळ्यांना धारेवर धरायचं ठरवलं.”

आत्यांनी दोन्ही पक्षी खिडकीजवळ नेले, पाठीवरून बोट फिरवत बघितले, एक खाली ठेवला, दुसरा डोळ्यांजवळ धरला. मग वळून धाकटीला विचारले, “हा कुठल्या हातानं शिवलास?”

“डाव्या.”

“तू उजवी आहेस.”

“हो.”

“मग?”

“तुमचे टाके उलटे झुकतात. उजव्या हातानं ते येईनात.”

आत्या खुर्चीवर बसल्या. लहानपणी शाळेत त्यांना हातावर पट्टी मारून खडू उजव्या हातात धरायला शिकवले होते. सुई मात्र त्यांनी कुणाला हिरावू दिली नव्हती. पुढे त्यांनी स्वतः मुलींच्या किती तुकड्या शिकवल्या, त्यांतल्या एकीने तरी आपला हा टाका उचलावा म्हणून किती गोडीगुलाबी केली, बक्षिसे लावली. मुली कौतुक करत आणि आपल्या हाताने आपल्या बाजूला शिवत. हे सगळे त्या सांगत होत्या ते खिडकीला, किंवा पक्ष्याला.

“जे माझ्या प्रेमापोटी कुणी शिकलं नाही,” त्या म्हणाल्या, “ते तू माझ्या भीतीपोटी शिकलीस.”

“भीतीच होती, आत्या,” धाकटी म्हणाली. “नुसती तुमची नव्हे.”

आत्यांनी तिच्याकडे पाहिले, मग शिडीकडे: शिवलेली चांदणी, दात विचकणारा देवदूत, मोडक्या मानेचा स्टँड. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “इतकी वर्षं आपण एकमेकांना भेटी देत होतो,” त्या म्हणाल्या. “एकमेकांचं काम नीट बघितलं ते बहुधा याच वर्षी.” आणि मग, शिक्षिकेला न शोभणाऱ्या संकोचाने: “टाका अजून सैल आहे तुझा. सोमवारी दाढ दाखवून झाली की इकडे ये.”

त्यांनी डबा धाकटीकडे सरकवला. “उघड,” त्या म्हणाल्या. “माझ्यानं झाकण निघत नाही आता.”

झाकण घट्ट होते. ते टक् करून निघाले तेव्हा आतून जुन्या बिस्किटांचा आणि जुन्या कागदाचा वास आला. पुढच्या नाताळासाठी आजच चिठ्ठ्या निघणार होत्या, आणि नियमात एकच बदल होता: प्रत्येकाने या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पद्धतीने वस्तू करायची. दादा आणि वहिनी लगेच कुजबुजू लागले, बाबांनी आपल्याला पुन्हा विणायला लागू नये अशी उघड प्रार्थना केली.

धाकटीने हात आत घातला, एक चिठ्ठी काढली, उघडली, आणि नाव ओठांच्या आत ठेवले. मान वर केली तर सगळे गप्प होऊन तिच्याकडेच बघत होते. का, ते तिला क्षणभर कळेना.

चिठ्ठी तिने डाव्या हाताने उचलली होती.